दोन सेल, दोन बल्ब आणि नववीचं धाराविद्युत

धाराविद्युतचं प्रात्यक्षिक लागलं की आमच्या प्रयोगशाळेत पहिली हाक ठरलेली: "ताई, बल्ब लागंना झालाय!" मी सामान काढून देणारी, शिकवायचं काम सरांचं. पण बल्ब का लागत नाही ते बघायला मलाच बोलावतात. म्हणून हा धडा घरी कसा करून बघायचा, ते माझ्या पद्धतीनं सांगते.

सामान थोडंच: 1.5 व्होल्टचे दोन सेल, 2.5 व्होल्टचे टॉर्चचे दोन बल्ब होल्डरसकट, वायर आणि साधा मल्टीमीटर. बल्ब 'तारेचा' म्हणूनच मागा, नाहीतर दुकानदार एलईडी देतो. भिंतीवरच्या सॉकेटला यातलं काही म्हणजे काही लावायचं नाही.

वायरीकडे आधी बघा. सोलापुरात मागांमुळे मोटर रिवायंडिंगची दुकानं भरपूर. पोरं तिथून तारेचे तुकडे उचलून आणतात. तार लखलखीत दिसते, पण तिच्यावर वार्निशचा पातळ थर असतो आणि तो विसंवाहक, म्हणजे त्यातून वीज जात नाही. टोकं ब्लेडनं किंवा पॉलिश पेपरनं खरवडा, आतलं तांबं उघडं पडेपर्यंत. बऱ्याचदा भानगड एवढीच असते.

आता सेल एकापुढे एक लावून दोन्ही बल्ब एकसर जोडा, म्हणजे एकामागे एक, एकाच वाटेत. दोन्ही मंद लागतील. पोरांना वाटतं पहिला बल्ब करंट, म्हणजे धारा, खातो, उरलेला दुसऱ्याला मिळतो. मग मीटरला बोलू द्या. लाल वायर 10 अँपियरच्या खोबणीत घाला, परिपथ एका जागी तोडून मीटर मध्ये बसवा. पहिल्या बल्बच्या आधी, दोघांच्या मधे, शेवटी, कुठंही मोजा, आकडा तोच. सायकलची चेन कुठल्याही दातापाशी सारख्याच वेगानं सरकते, तसंच हे. वाटलं जातं ते विभवांतर, व्होल्टमध्ये मोजतात ते: लाल वायर परत व्होल्टच्या खोबणीत घालून एकेका बल्बच्या दोन टोकांना मोजा, प्रत्येकावर साधारण दीड व्होल्ट. खोबण बदलायची राहिली तर मीटर त्या बल्बला शॉर्ट करतो, आणि सेलच्या टोकांवर लावला तर सेललाच. अ‍ॅमीटरचा, म्हणजे धारा मोजणाऱ्या मीटरचा, रोध (धारेला होणारा अडथळा) नगण्य असतो, म्हणून त्याची जागा ओळीतच, सेलच्या टोकांवर कधीच नाही.

मग एक बल्ब काढा. दुसराही विझला ना? आता रिकाम्या होल्डरवर व्होल्ट मोजा. शून्य येईल असं सगळे म्हणतात. येतात जवळजवळ तीन! आणि जाग्यावर असलेल्या बल्बवर शून्य. धाराच नाही, तर त्याच्यावर विभवांतर कुठलं? सगळं त्या फटीवर.

हे एवढं घोळवून सांगते त्याला कारण आहे. गड्ड्याच्या, म्हणजे आमच्या सिद्धेश्वराच्या जत्रेच्या, दिवसांत घरोघरी माळा निघतात. जुन्या माळेत 50 बल्ब एकसर असले तर एकेकाच्या वाट्याला 4.6 व्होल्ट, पण एक बल्ब निघाला की त्या रिकाम्या जागी अख्खे 230. पिन काढल्याशिवाय माळेला हात लावायचा नाही, स्विच बंद केला तरी.

आता दोन्ही बल्ब समांतर जोडा, म्हणजे प्रत्येकाची दोन टोकं थेट सेलच्या दोन टोकांना. दोघेही झगझगीत, एक काढला तरी दुसरा चालू. धारा मात्र दोघांची मिळून, म्हणून सेल लवकर उतरतात. घराचं वायरिंग असंच असतं: 1000 वॅटची इस्त्री सव्वाचार अँपियरच्या आसपास घेते, 2000 वॅटचा गीझर पावणेनऊच्या. बेरीज एमसीबीच्या, म्हणजे धारा जास्त झाली की आपोआप बंद होणाऱ्या स्विचच्या, मर्यादेबाहेर गेली की तो पडतो.

ओहमच्या नियमासाठी मात्र बल्ब नको. तार तापते तसा तिचा रोध वाढतो आणि आलेख वाकतो. 100 ओहमचा रोधक घ्या (पट्टे तपकिरी, काळा, तपकिरी). मल्टीमीटरच्या मिलिअँपियरच्या खोबणीवर एका सेलला 15, दोनला 30, तिसरा सेल आणून जोडला तर 45 च्या जवळपास येतील. व्होल्टला अँपियरनं भागलं की रोध मिळतो, त्या भागाकाराआधी त्यांचे अँपियर करा, 15 चे 0.015. तेवढं राहिलं की वहीत रोध 0.1 ओहम येतो, आणि सर ती वही माझ्याकडे घेऊन येतात, मीटर बिघडलाय का विचारायला.