माळ्यावरचं टोपीचं पिस्तूल: आधी नळी मापा

कोल्हापुरात जुन्या वाड्याच्या माळ्यावर घोडदळाचं ठासणीचं, म्हणजे तोंडाकडून दारू भरून स्फोटक टोपीच्या ठिणगीनं उडवायचं पिस्तूल सापडलं, तर घोडा ओढून बघायची हौस आवरा. आत जुना बार (भरलेली दारू-गोळी) असू शकतो. लाकडी काठी नळीत तळापर्यंत सोडून तोंडाशी खूण करा, मग खूण तोंडाशी ठेवून तीच काठी नळीच्या बाहेरून धरा. टोक निपलच्या (टोपी बसवायच्या बोंडाच्या) बरंच अलीकडे राहिलं, तर नळी मोकळी नाही. पुढचं काम जाणकाराचं.

गज (बार ठासायची दांडी) नळीला कडीनं अडकवलेला असेल तर छान, धावत्या घोड्यावर तो निसटू नये म्हणून ती सोय. लॉकप्लेटवर (घोडा बसवलेल्या बाजूच्या पत्र्यावर) बुजवलेली भोकं? बहुधा मूळची चकमकीच्या दगडाच्या ठिणगीवर चालणारी, नंतर टोपीवर आणलेली. मला तर हीच आवडतात!

साफसफाईला पॉलिश पेपर नको. पावसाळ्यात ठेवायला चामडी म्यानही नको, ओल धरते. 1959च्या शस्त्र कायद्यातली परवान्याची सूट दुरुस्तीनंतरही न चालणाऱ्या जुन्या हत्यारांनाच आहे, तेव्हा व्यवहाराआधी कलेक्टर कचेरीत विचारा.