रोहूसाठी गळावर टिकणारी गोळी
नागपूरच्या तलावांवर मऊ कणकेचा गोळा लावला की बारीक मासळीच तो कुरतडून संपवते. रोहू, मृगळ येईपर्यंत गळ उघडा पडलेला! त्यापेक्षा गोळ्या उकडा. दोन वाट्या कणीक-बेसन, मूठभर कुटलेली शेंगदाण्याची ढेप (तेल काढल्यावर उरते ती पेंड), आणि पाण्याऐवजी 3 अंडी. अंडी टाळू नका, त्यांनीच साल घट्ट होते. बोराएवढ्या गोळ्या वळून उकळत्या पाण्यात 2-3 मिनिटं सोडा, मग रात्रभर फडक्यावर सुकवा. सावलीतच हं, आपल्या मे महिन्यातल्या उन्हात तडे जातात. कटला वरच्या थरात चरतो, त्याला ही तळाची गोळी फारशी कामाची नाही. एवढा खटाटोप नको असेल तर वाळलेला मका 24 तास भिजवून अर्धा तास शिजवा. नखाने दबावा, पण फुटू नये.