पोस्टिंग आली? आधी पार्ट टू काढा, मग ट्रंका

शेजारच्या वहिनींकडे परवा पोस्टिंग, म्हणजे फौजेतली बदलीची ऑर्डर, आली आणि त्यांचा पहिला प्रश्न काय, तर पडदे न्यायचे की इथेच कुणाला द्यायचे. म्हटलं पडदे गेले खड्ड्यात, पोरांच्या शाळेचे कागद कुठेत? तर म्हणे आहेत की फाईलीत. फाईल माझी पण होती गेल्या वर्षी, निळी, चेनवाली. त्यात सगळं होतं, फक्त नडलं तेच नव्हतं, आणि पोरगं नव्या गावात २३ दिवस घरी बसून पंख्याकडे बघत होतं. म्हणून लिहितेय. माझं चुकलंय ते आधी सांगते, बाकीचं नंतर जमेल तसं.

पार्ट टू. लग्न झालं, मूल झालं की युनिट त्याचा पार्ट टू ऑर्डर काढतं, तो रेकॉर्ड ऑफिसला जातो, आणि फौजेच्या लेखी आपलं लेकरू म्हणजे त्या ऑर्डरमधली एक ओळ. डिपेंडंट कार्ड, म्हणजे फौजीच्या कुटुंबाचं ओळखपत्र, त्यावरून, शिक्षण भत्ता त्यावरून, सैनिकांच्या मुलांच्या कोट्यासाठीचा दाखला त्यावरून. आमच्या ओंकारच्या वेळी हे वर पोस्टवर होते, आठवड्यातून एकदा फोन लागायचा तोही घरघर करत. बारशादिवशी लागला, मी ओरडून नाव सांगितलं, ह्यांनी क्लार्कला सांगितलं, त्याने स्पेलिंगमध्ये एम घातला. इकडे सासऱ्यांनी ग्रामपंचायतीत जन्मदाखला काढला, त्यात एन. एक अक्षर, दहा वर्षं कुणाच्या डोळ्यात आलं नाही, कारण जुन्या ठिकाणी सगळे ओळखीचे, चालून गेलं. नव्या शाळेच्या काउंटरवर टीसीवर एन, आधारवर एन, डिपेंडंट कार्डावर एम. तिथली बाई दोन्ही कागद शेजारी ठेवून मला विचारते, मॅडम ये दो बच्चे हैं क्या?

तोपर्यंत हे फील्डला, म्हणजे बायकापोरं नेता येत नाहीत अशा ठिकाणी, गेलेले, युनिटच्या ऑफिसच्या पेट्या अजून रेल्वेत. दुरुस्तीचा अर्ज युनिटमार्फतच जातो, तुम्ही आम्ही परस्पर काही करू शकत नाही. जन्मदाखला, आधार, ॲफिडेव्हिट असं सगळं आमच्याकडून मागितलं, मग दुरुस्तीचा वेगळा पार्ट टू निघाला, चार महिने गेले. शाळेने शेवटी हमीपत्र लिहून घेऊन बसवलं त्याला, पण तोवर पहिली युनिट टेस्ट होऊन गेलेली. जुन्या गावी असताना हेच काम पाच मिनिटांच्या अंतरावर होतं. तर पोस्टिंग ऑर्डर हातात पडली की त्याच आठवड्यात ह्यांना ऑफिसात पाठवा, पार्ट टू ची झेरॉक्स आणायला लावा आणि जन्मदाखल्याशेजारी ठेवून एकेक अक्षर बोट ठेवून वाचा. "बरोबर आहे गं, मी बघितलंय" हे ऐकून घेऊ नका. ह्यांनी पण बघितलं होतं.

आणि फक्त मुलाचं नाव नाही हं. आपल्याकडे अजून काही घरांत लग्नात बायकोचं नाव बदलतात, तांदळात अंगठीने लिहून वगैरे. मग लग्नाच्या पार्ट टू मध्ये माहेरचं नाव, मुलाच्या जन्मदाखल्यावर आईचं सासरचं नाव, आणि शाळेच्या फॉर्मवर तुम्ही त्या दिवशी जे सुचेल ते. माझ्या जावेचं झालंय हे. शिवाय उत्तरेकडच्या शाळा मधलं वडिलांचं नाव गाळून टाकतात, आपल्याकडे आलं की तेच पूर्ण लागतं. तर आईचं, बापाचं, पोराचं, तिन्ही नावं आणि जन्मतारीख. पार्ट टू शी जुळवा.

टीसी आता. हे सगळ्यांना माहीत असतं पण एक सांगते, काढायच्या आधी नव्या शाळेला फोन करून विचारा की त्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी लागेल का, कारण दुसऱ्या राज्यातून, दुसऱ्या बोर्डातून आलं की काही शाळा मागतात आणि दोन हजार किलोमीटरवरून ती सही आणणं म्हणजे वैताग. दुसरं, हल्ली नुसता कागद पुरत नाही. यूडायस प्लसवर, म्हणजे शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत, प्रत्येक पोराचा कायमचा नंबर असतो, पेन म्हणतात त्याला, आणि जुन्या शाळेने पोराला तिथून सोडलं, ड्रॉपबॉक्समध्ये टाकलं, तरच नवी शाळा त्याला आपल्याकडे ओढू शकते. सोडलं नाही तर कागदोपत्री पोरगं जुन्याच शाळेत. तर टीसी घेतानाच शाळेच्या ऑफिसात उभं राहून विचारा, ऑनलाइन सोडलं का, आणि पेन नंबर लिहून घ्या. तिथेही नावाचं स्पेलिंग दिसतं बरं का, तेही बघा. परत तेच सांगतेय माहितीये मला.

बोनाफाईड पण त्याच फेरीत. मुलांचा शिक्षण भत्ता, सीईए, १ जानेवारी २०२४ पासून महिन्याला २८१२ रुपये ५० पैसे आहे एका मुलाला, वर्षाचे ३३,७५० होतात, दोन मुलांपर्यंत, बारावीपर्यंत. फीच्या पावत्यांचा ढीग लागत नाही, मुख्याध्यापकांचा दाखला लागतो की पोरगं गेलं वर्षभर इथे शिकलं. आर्थिक वर्ष संपल्यावर क्लेम करायचा असतो आणि आपण बरोबर तेव्हाच गाव सोडतो, मग एप्रिलमध्ये जुन्या शाळेला फोन करत बसा. हॉस्टेलला ठेवणार असाल तर वेगळी सबसिडी आहे, ८४३७ रुपये ५० पैसे महिना, पण हॉस्टेल घरापासून निदान ५० किलोमीटर लांब हवं. क्लेमवरचं नाव कशाशी ताडतात, सांगायला नको.

शाळा कोणती हा खरा घोळाचा भाग, यात प्रत्येकाचं वेगळं असतं. केव्हीत, म्हणजे केंद्रीय विद्यालयात, असाल तर केव्हीतच राहा असं माझं मत, कारण बदलीवर केव्ही ते केव्ही टीसी चालते आणि मधल्या वर्षात जागेसाठी हातापाया पडावं लागत नाही. मुळात ही शाळाच आपल्यासारख्यांसाठी निघाली, १९६३ मध्ये पलटणींच्या २० शाळा ताब्यात घेऊन सुरुवात झाली. नव्याने घालायचं असेल तर मागच्या सात वर्षांत किती बदल्या झाल्या ते मोजतात, त्याचं सर्टिफिकेट ऑफिसातून आणायचं, हे तोंडी सांगून भागत नाही. आणि नवरा फील्डला, तुम्ही एसएफ क्वार्टरला (फील्डला गेलेल्यांच्या कुटुंबांसाठीचं सरकारी घर) किंवा दुसऱ्याच गावी राहणार असाल तरी त्या गावच्या केव्हीत घेण्याची तरतूद आहे, "पण साहेब तर इथे पोस्टेड नाहीत" असं काउंटरवर ऐकवलं तर परत फिरू नका, पोस्टिंग ऑर्डर दाखवा, प्राचार्यांना भेटा. आर्मी पब्लिक स्कूलचं ठीक आहे, १३० च्या वर आहेत देशभर, सगळीकडे सीबीएसई, पण बस आणि फी आधी विचारा, गेल्यावर नको.

गावी परत येऊन राज्य बोर्डात घालणार असाल तर मराठी. हे मी हलक्यात घेतलं होतं, घरी बोलतो की आपण मराठी! बोलणं वेगळं आणि "खालील उताऱ्यातील विशेषणे शोधा" वेगळं. २०२० च्या कायद्याने मराठी सगळ्या बोर्डांच्या शाळांत आली, पण बाहेरून पाचवीत आलेल्या पोराला जोडाक्षरं वाचताना घाम फुटतो. वर्गात सगळ्यांनी चौथीला शिवाजी महाराजांचा इतिहास वर्षभर केलेला, आमच्याला अफझलखानापुढे काही माहीत नव्हतं आणि सातारकरांच्या घरात ही केवढी नामुष्की ते तुम्हीच समजा. ई-बालभारतीवर सगळी पुस्तकं फुकट आहेत, निघायच्या आधीच चौथीची उतरवून घ्या. किशोर मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक पण ऑनलाइन वाचता येतात, आमच्याला त्यातूनच गोडी लागली, पुस्तकातून नाही. शाळेच्या तारखा पण बघा, केव्ही आणि आर्मी स्कूल एप्रिलला सुरू, गावाकडे जूनला, मधल्या दोन-अडीच महिन्यांत पोरगं नुसतं उंडारतं, त्यात मराठी करून घ्या.

सैनिक स्कूल डोक्यात असेल तर पोस्टिंगची वाट बघूच नका. साताऱ्याचं देशातलं पहिलं, २३ जून १९६१ चं, आता चंद्रपूरलाही आहे. सहावीला आणि नववीला घेतात. सहावीसाठी वय ३१ मार्चला १० ते १२ मध्ये हवं, नववीला १३ ते १५. मुलींनाही घेतात आता. एससी, एसटी, ओबीसीच्या जागा काढून उरतात त्यातल्या २५ टक्के आजी-माजी सैनिकांच्या मुलांना. बेळगावचं राष्ट्रीय मिलिटरी स्कूल वेगळं, त्याची परीक्षा वेगळी, तिथे जेसीओ (सुभेदार वगैरे) आणि जवानांच्या मुलांना भरपूर जागा असतात, तरी आपल्यातले कितीतरी जण फॉर्मच भरत नाहीत. या सगळ्यात सैनिकाचं मूल म्हणून दाखला लागतो आणि तो दाखला ऑफिस रेकॉर्ड बघून देतं, म्हणजे पार्ट टू बघून देतं, म्हणजे फॉर्मवर एन आणि दाखल्यावर एम असं झालं की वर्षभराची क्लासची फी आणि पोराची मेहनत त्या एका अक्षरावर लटकते. आमची तेवढी वेळ आली नाही, येऊ शकली असती.

दहावी-बारावीवाल्यांनो, त्या दोन वर्षांत शक्यतो हलू नका, एसएफ क्वार्टर मागा. पुढे इंजिनिअरिंगला आपल्या सीईटीच्या प्रवेशात सैनिकांच्या मुलांना ५ टक्के जागा आहेत, डीईएफ-१ म्हणजे माजी सैनिक आणि महाराष्ट्राचे अधिवासी, डीईएफ-२ सेवेतले आणि अधिवासी, डीईएफ-३ बाहेरचे पण इथे बदलीवर आलेले. पोराने दहावी पठाणकोटला केली म्हणून हक्क गेला असं समजून गप्प बसू नका, पण डोमिसाईल आधी काढून ठेवा, ऐन जूनमध्ये सेतू केंद्रात उभं राहायची हौस असेल तर गोष्ट वेगळी. पुण्याजवळ दिघीचं एआयटी, म्हणजे आर्मी इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, आहेच, फौजींच्या मुलांसाठीचं, जेईईवर.

पेन्शन जवळ आली असेल तर तुम्हाला डबल सांगते. पंतप्रधान शिष्यवृत्ती माजी सैनिकांच्या मुलांना, मुलाला महिन्याला २५०० आणि मुलीला ३०००, बारावीला ६० टक्के हवेत, आणि फक्त पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला तेव्हाच अर्ज करता येतो, दुसऱ्या वर्षी जाग आली तर गेली. हवालदारापर्यंतच्या रँकला सैनिक बोर्डाची शिक्षण मदत वेगळी आहे, आधी महिन्याला १००० रुपये होती, नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना २०००, दोन मुलांना, पदवीपर्यंत. दोन्हीसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जावं लागतं, तिथल्या लोकांशी आधीपासून ओळख ठेवा. आणि तिथे डिस्चार्ज बुकात पोराचं नाव बघतात. ते नाव कुठून आलेलं असतं? हां. नोकरीत असताना दुरुस्ती चार महिन्यांची, सुटल्यावर किती चपला झिजतील त्या झिजतील.

सामान. कागद ट्रंकेत घालू नका. काळ्या ट्रंका ट्रकने जातात, आपण रेल्वेने, आमचा ट्रक अकरा दिवसांनी आला. कागद खांद्यावरच्या पिशवीत, फोटो मोबाईलमध्ये, एक संच सासरी. पोस्टिंग ऑर्डरची प्रत, रिपोर्ट कार्डं, जातीचा दाखला असेल तर तो, पासपोर्ट फोटो ढीगभर. पोराला त्याच्या दोन-तीन मित्रांचे नंबर वहीत लिहून घेऊ द्या, तो रडेल, रडू द्या.

पोचल्यावर आधी शाळा, मग गॅस. वह्यांची कव्हरं नंतर. वर्गशिक्षकांना सांगा वडील फील्डला आहेत म्हणून. बसचा पास. डबा कुणाबरोबर खातो ते आठवडाभर विचारा, मार्कांचं नंतर बघू.

हे लिहिता लिहिता वाटलं, मोठ्याचं तर झालं, धाकटीचं आपण कुठे बघितलंय. संध्याकाळी ह्यांचा फोन आला तेव्हा म्हटलं उद्या ऑफिसात जाऊन तिची ओळ वाचून दाखवा, सगळी. आज दुपारी वाचली त्यांनी. नाव अगदी बरोबर आहे, जन्मतारखेत महिना चुकलाय.