सार्वजनिक जागा लोकांच्या हाती देताना

बंद पडलेली सार्वजनिक इमारत किंवा पडीक भूखंड स्थानिक लोकांना वापरायला द्यायचा असेल, तर आधी नोंदवही पूर्ण करा. मालकीचा कागद, क्षेत्रफळ, चतुःसीमा, वीज-पाण्याचे मीटर, सध्याचा वापर आणि किल्ली कोणाकडे आहे, हे सगळं तिच्यात हवं. किल्लीची नोंद क्षुल्लक वाटते, पण खरा ताबा कोणाचा हे पुष्कळदा तीच सांगते. हद्द फोनवरच्या नकाशावरून ठरवू नका. मोकळ्यावरही साध्या फोनची जागा 4-5 मीटरने चुकू शकते, आणि भांडणं तर हातभर जमिनीवरून होतात. रीतसर मोजणी करून कोपऱ्यांवर दगड रोवून घ्या.

मग दोन आठवडे निरनिराळ्या वेळी जागेवर जा. सकाळी, भर दुपारी, संध्याकाळी, सुट्टीच्या दिवशी कोण येतं ते लिहा. नुसतं सभेत विचारलं, तर ज्यांना सभेला यायला सवड नसते त्यांची गरज राहूनच जाते. गवतातून तिरकी गेलेली पायवाट दिसली तर ती नकाशावर काढा आणि फाटक तिथेच ठेवा. वाट अडवलीत तर लोक कुंपणाच्या तारा वाकवून जातील.

भाड्याचा हिशेब बहुतेकांचा इथे चुकतो: वर्षाचा खर्च भागिले इमारत उघडी असण्याचे तास. वर्षात 300 दिवस, रोज 6 तास म्हणजे 1800 तास. पण प्रत्यक्षात निम्मेच तास भरले, तर भागायचं 900 ने. 1800 ने भागलेल्या दरात निम्माच खर्च निघतो, आणि मग पहिली कात्री देखभालीला लागते. ज्यांना पूर्ण दर परवडत नाही त्यांना सवलत जरूर द्या, पण तूट कुठून भरणार तेही त्याच कागदावर लिहा.

करार एकाच वर्षाचा असेल तर जागा वापरणारी संस्था दुरुस्तीवर पैसा घालणार नाही. पहिली 2 वर्षं चाचणीची, मग 7 ते 10 वर्षांची मुदत, मध्ये आढावा, अशी रचना चांगली चालते. छप्पर, पाया, बाहेरच्या भिंती मालकाकडे. रंग, नळ, दिवे वापरणाऱ्याकडे. वाद होतो तो सांध्यावर. पन्हळीत पानं अडकतात, पाणी भिंतीत उतरतं, आतल्या गिलाव्याचे पोपडे निघतात, आणि दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात. पन्हळ वर्षातून दोनदा कोणी साफ करायची हे कामाच्या महिन्यासकट लिहा. एवढ्या एका ओळीने मोठा खर्च वाचतो.

सामाईक जमिनीचा नियम कोणालाही मोजून पाहता यावा. स्वित्झर्लंडच्या ट्योर्बेल गावात 1517 चा नियम होता: हिवाळ्यात जितक्या गाई पोसता येतील, तितक्याच सामाईक कुरणावर सोडायच्या. गाई मोजायला वेगळा अधिकारी लागत नाही. सामाईक साधनांच्या व्यवस्थापनावरील अभ्यासासाठी 2009 चं नोबेल मिळवणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी हे उदाहरण तपशिलाने मांडलं आहे. शिक्षा पायरीपायरीने वाढवावी, हेही त्यांच्या अभ्यासातून दिसतं. आधी तोंडी समज, मग लेखी, मग काही काळ वापर बंद. पहिल्याच चुकीला हकालपट्टी ठेवली तर ती कोणी अमलात आणत नाही.

ताबा देण्याच्या दिवशी प्रत्येक खोलीचे फोटो, मीटरचे आकडे आणि किल्ल्यांची संख्या लिहून दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या. जागा परत घेताना तोच कागद समोर ठेवून फिरा.