वनहक्काचा दावा कसा करावा: पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन हातची जाऊ नये म्हणून

मृग लागायच्या आधी माणूस बांध नीट करायला शेतावर जातो आणि तिथे वनरक्षक उभा असतो. "यंदा इथे पेरायचं नाही, जागा फॉरेस्टची आहे." आजोबांनी दगड वेचून, उतारावर बांध घालून तयार केलेली जमीन एका वाक्यात 'अतिक्रमण' ठरते. पालघर, रायगड, नाशिक, नंदुरबार, मेळघाट, गडचिरोली, कुठल्याही पाड्यावर हीच गोष्ट ऐकायला मिळते. नागली, वरई, उडीद जे काही पिकतं ते त्याच तुकड्यावर. तो गेला की वीटभट्टी नाहीतर ऊसतोड.

या लोकांसाठी कायदा आहे. अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्क मान्यता) अधिनियम, २००६, म्हणजे आपण ज्याला वनहक्क कायदा म्हणतो तो. पाड्यांवर दावे भरायला मदत करताना मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. दावा खरा असूनही हरतो तो गावातच कच्चा राहिलेल्या कागदांमुळे. पोच घेतलेली नसते, ठराव अर्धवट असतो, नकार तोंडी ऐकून माणूस घरी गेलेला असतो. म्हणून कागदाच्या बाजूवर मी जास्त लिहिणार आहे.

आधी पाहा: तुम्ही या कायद्यात बसता का?

तारीख लक्षात ठेवा: १३ डिसेंबर २००५. त्या दिवसाच्या आधीपासून ती वनजमीन तुमच्या ताब्यात असली पाहिजे. तुम्ही अनुसूचित जमातीचे असाल तर ताबा त्या तारखेआधीचा असणं आणि पोट त्या जमिनीवर, जंगलावर अवलंबून असणं पुरतं. इतर समाजाचे असाल तर त्या तारखेआधी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, तुमचं कुटुंब वनक्षेत्रात राहत होतं आणि जंगलावर जगत होतं हे दाखवावं लागतं. इथे बरेच लोक घाबरून दावाच करत नाहीत. कायदा ७५ वर्षांचं वास्तव्य मागतो. तोच तुकडा ७५ वर्षं कसत होतो असा पुरावा तो मागत नाही.

जास्तीत जास्त ४ हेक्टर, म्हणजे सुमारे दहा एकर, एवढं क्षेत्र मान्य होतं आणि तेही प्रत्यक्ष ताब्यात असेल तेवढंच. २००५ नंतर झाडं तोडून काढलेली नवी जमीन या कायद्यात बसत नाही. ती दाव्यात घुसवू नका, त्यामुळे शेजारच्या खऱ्या दाव्यांवरही संशय येतो.

दावा कुठे द्यायचा?

ग्रामसभेच्या वनहक्क समितीकडे. वन खात्याच्या कार्यालयात नाही, तहसीलच्या टेबलावरही नाही. नियमांनुसार दावा स्वीकारण्याचा अधिकार ग्रामसभेला आणि तिच्या वनहक्क समितीलाच आहे. ही समिती ग्रामसभेने आपल्यातून निवडायची असते: १० ते १५ सदस्य, त्यांत किमान दोन तृतीयांश अनुसूचित जमातीचे आणि किमान एक तृतीयांश महिला. तुमच्या गावात समिती कागदावरच असेल, किंवा निम्मे सदस्य वारलेले किंवा गाव सोडून गेलेले असतील, तर आधी ग्रामसभा बोलवून ती नव्याने उभी करा. एका ग्रामपंचायतीत सात-आठ पाडे असतात. अनुसूचित क्षेत्रात (म्हणजे राज्यघटनेप्रमाणे जाहीर झालेल्या आदिवासी भागात) पाड्याची स्वतःची ग्रामसभा भरवण्याचा आग्रह धरा. आपल्या शेताच्या शेजारी कोण आहे, ओढा कुठून वाहतो, हे पाड्यातल्या माणसांनाच माहीत असतं.

वैयक्तिक शेती किंवा घरासाठी नमुना 'अ' भरायचा. नाव नवरा-बायको दोघांचं घाला. हक्काचं प्रमाणपत्र कायद्यानेच दोघांच्या नावे निघतं. विधवा किंवा एकट्या बाईने स्वतःच्या नावाने दावा करावा, दिराची किंवा मुलाची वाट पाहू नये.

फॉर्म दिला की पोच घ्या. समितीने पोच द्यायलाच हवी. सचिवाची सही, तारीख आणि वहीतला अनुक्रमांक, एवढं एका चिठ्ठीवर असलं तरी चालेल. एका पाड्यावर सगळ्यांनी दावे एकाच दिवशी एका साहेबांच्या हाती दिले, पोच कोणीच घेतली नाही. चार वर्षांनी गेलो तेव्हा उत्तर मिळालं, "तुमच्या पाड्याचे दावेच आलेले नाहीत." सगळी कामं पहिल्यापासून करावी लागली आणि तोवर जबाब देणारी दोन म्हातारी माणसं गेली होती.

पुरावे: इथे वेळ घालवा

किमान दोन पुरावे लागतात, पण दोनवर थांबू नका. नियम १३ मधली यादी बरीच मोठी आहे आणि त्यात घरात पडलेल्या कितीतरी गोष्टी येतात.

सरकारी कागद म्हणजे मतदार ओळखपत्र, रेशन कार्ड, घरपट्टीच्या पावत्या, रहिवासी दाखला. यांतून तुम्ही त्या गावचे आहात हे दिसतं. जमिनीशी थेट जोडणारे कागद जास्त मोलाचे. रायगडच्या कातकरी आणि ठाकर वस्त्यांवर जुन्या दळी जमिनींचे, म्हणजे पूर्वी जंगलात कसायला दिलेल्या तुकड्यांचे, कागद सापडतात, काही भागांत एकसाली (एकेका वर्षाच्या) पट्ट्यांचे. पूर्वी वन खात्याने केलेल्या दंडाच्या पावत्या आणि गुन्ह्याचे अहवाल ट्रंकेच्या तळाशी घडी घालून ठेवलेले असतात. लोक ते लाजेने किंवा भीतीने लपवतात. काढा ते. १९८० सालची दंडाची पावती सांगते की १९८० साली तुम्ही त्या जमिनीवर होता. उलट अशी पावती नसेल, अतिक्रमणाच्या जुन्या यादीत नाव नसेल, तरी एवढ्याच कारणावरून दावा नाकारता येत नाही, असं नियम १२-अ सांगतो.

कागद नसतील तर जमीनच पुरावा देते. दगडी बांध, उतार तोडून केलेल्या पायऱ्या, जुनी विहीर, स्वतः लावलेले आंबे, घराचं जोतं, जवळचं वाघदेवाचं ठाणं, पूर्वजांची दफनाची किंवा दहनाची जागा. फोटो काढताना शेतात उभं राहून नुसतं हिरवं पीक टिपू नका. बांधाची रुंदी दिसेल, आंब्याच्या बुंध्याला माणसाने मिठी मारलेली दिसेल असा फोटो घ्या. प्रत्येक फोटोमागे काय आहे, कुठल्या दिशेने काढला आणि कोणत्या तारखेला, ते लिहा.

मग वडीलधाऱ्यांचा जबाब. दावेदार सोडून गावातल्या दुसऱ्या वृद्ध माणसाने सांगितलेलं, लिहून काढलेलं निवेदन नियमांत पुरावा म्हणून मान्य आहे. त्यासाठी स्टँपपेपरची अट नाही. "किती वर्षं कसतात?" असं विचारलं की आजीबाई "लई वर्षं" म्हणणार. तिला विचारा, बहात्तरच्या दुष्काळात त्या शेतावर कोण होतं? तुझं लग्न झालं तेव्हा तिथे काय पिकत होतं? बांध घालायला कोण कोण गेलं होतं? मग उत्तरं नेमकी येतात. ती तिच्याच शब्दांत लिहा, वाचून दाखवा, अंगठा घ्या आणि अंगठा कोणाचा ते बाजूला लिहा. हे काम पुढच्या वर्षावर टाकू नका.

उपग्रहाच्या चित्राबद्दल एक सांगतो. "चित्रात शेती दिसत नाही" असं म्हणून दावे मागे पाठवले जातात. डोंगरउतारावरची वरई उन्हाळ्यातल्या चित्रात कशी दिसणार? नियमांत स्पष्ट आहे की असं चित्र इतर पुराव्याला पूरक म्हणून वापरता येतं, इतर पुराव्याच्या जागी नाही. कुठलाही एक ठरावीक पुरावाच आणा असा हट्ट समित्यांना करता येत नाही.

स्थळपाहणी आणि ठराव

वनहक्क समितीने पाहणीची तारीख दावेदाराला आणि वन खात्याला लेखी कळवायची. वन आणि महसूल खात्याच्या कर्मचाऱ्यांनी हजर राहून पंचनाम्यावर हुद्दा, तारीख आणि आपलं मत लिहून सही करायची असते. ते आलेच नाहीत आणि पुढे हरकत घेतली, तर पाहणी पुन्हा होते. दुसऱ्यांदाही गैरहजर राहिले तर पाहणीबाबत ग्रामसभेचा निर्णय अंतिम. म्हणून दोन्ही वेळच्या पत्रांच्या पोच फायलीत हव्यात. पाहणीला शेजारच्या चारही बाजूंचे शेतकरी बोलवा, चतुःसीमा लिहा, मोबाइलवर जीपीएसने कडेकडेने चालून नकाशा काढा आणि त्यासोबत हाताने काढलेला कच्चा नकाशाही जोडा.

त्यानंतर ग्रामसभा. किमान निम्मे सभासद हजर हवेत, त्यांत एक तृतीयांश महिला, आणि दाव्यांवर ठराव होताना निम्मे तरी दावेदार किंवा त्यांचे प्रतिनिधी बसलेले हवेत. ठरावात प्रत्येक दाव्याचं नाव, क्षेत्र आणि जोडलेले पुरावे वेगवेगळे लिहा. "सर्व दावे मंजूर" अशी एक ओळ लिहिलेले ठराव वरून परत येतात. पूर्ण फाइल पुढे पाठवण्याआधी तिची झेरॉक्स गावात ठेवा.

वरच्या समित्या आणि नकार

ठराव प्रांताधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या उपविभागीय समितीकडे जातो आणि तिथून जिल्हाधिकाऱ्यांच्या जिल्हास्तरीय समितीकडे. दावा नाकारला किंवा क्षेत्र कमी केलं, तर तो निर्णय दावेदाराला व्यक्तिशः कळवावा लागतो. या समित्यांनी ग्रामसभेचा ठराव बदलला किंवा फेटाळला, तर कारणांसह लेखी आदेश द्यावा लागतो. नुसतं "अपात्र" लिहिलेली यादी म्हणजे आदेश नव्हे. ठराव अपुरा वाटला तर दावा फेटाळण्याऐवजी ग्रामसभेकडे परत पाठवायचा असतो.

दोन हेक्टर मागून वीस गुंठे मिळाले, तरी तो अंशतः नकारच आहे आणि त्यावर अपील होतं. ग्रामसभेच्या ठरावाविरुद्ध उपविभागीय समितीकडे, उपविभागीय समितीच्या निर्णयाविरुद्ध जिल्हास्तरीय समितीकडे, दोन्हीकडे मुदत ६० दिवस, आणि ती ३० दिवसांनी वाढवून मिळू शकते. जिल्हास्तरीय समितीचा निर्णय कायद्यात अंतिम मानला आहे, पण महाराष्ट्रातल्या अनुसूचित क्षेत्रात १८ मे २०२० च्या राज्यपालांच्या अधिसूचनेने त्यावरही विभागीय आयुक्तांच्या समितीकडे अपिलाची सोय झाली. आदेशाची प्रत मिळत नसेल तर माहिती अधिकारात १० रुपयांचा अर्ज करा आणि फाइलमधल्या प्रत्येक पानाची प्रत मागा.

लेखी नकाराचं महत्त्व २०१९ मध्ये देशभर दिसलं. १३ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने दावे अंतिमतः फेटाळलेल्यांना जमिनीवरून काढण्याचा आदेश दिला. २८ फेब्रुवारीला त्यालाच स्थगिती मिळाली आणि दावे फेटाळताना कोणती प्रक्रिया पाळली, ते राज्यांना प्रतिज्ञापत्रावर सांगायला लावलं. लाखो कुटुंबांचं घर त्या पंधरा दिवसांत टांगणीला लागलं होतं.

दावा चालू असताना कोणी हटवायला आलं तर

कलम ४(५) सांगतं की दाव्याची पडताळणी आणि मान्यतेची प्रक्रिया पूर्ण होईपर्यंत वनजमिनीच्या ताब्यातून कोणालाही काढता येत नाही. हे वाक्य आणि दाव्याची पोच, दोन्हींची झेरॉक्स घरात दाराजवळ ठेवा. लेखी आदेश मागा, हातघाईवर जाऊ नका, जे घडतं त्याचा व्हिडिओ घ्या. त्याच दिवशी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याला अर्ज द्या आणि त्याची प्रत प्रांताधिकाऱ्यांना. अनुसूचित जमातीच्या माणसाला जमिनीवरून बेकायदा हटवणं किंवा त्याच्या वनहक्कात अडथळा आणणं हा अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ३(१)(g) नुसार गुन्हा आहे. उभं पीक उपटलं असेल तर ही तक्रार द्यायला कचरू नका.

सोबत सामूहिक दावाही करा

एकट्याच्या शेतावर घर चालत नाही. मोह, हिरडा, तेंदू, डिंक, चराई, जळण, मासळी यांसाठी नमुना 'ब', आणि गावाच्या पारंपरिक हद्दीतलं जंगल राखण्याच्या आणि त्याची व्यवस्था पाहण्याच्या हक्कासाठी नमुना 'क'. याला ४ हेक्टरची मर्यादा नाही. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०९ हेक्टर जंगलावर असा हक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती आले. तिथल्या बांबूचा पैसा गावात यायला लागला. वैयक्तिक दावे भरायची धावपळ चालू असतानाच हा दावा मागे पडतो, म्हणून दोन्ही एकाच ग्रामसभेत घ्या.

प्रमाणपत्र हाती आलं की

घाईने फोटो काढून घरी नेऊ नका, तिथेच वाचा. दोघांची नावं बरोबर आहेत का, गट किंवा वन खात्याचा कक्ष क्रमांक तोच आहे का, चतुःसीमा जुळतात का, क्षेत्र ठरावाइतकं आहे का. ही जमीन वारसाने मुलांकडे जाते, पण विकता किंवा कोणाला लिहून देता येत नाही. कोणी सावकार गहाणाचा कागद करू म्हणाला तर सही करू नका. चूक दिसली तर त्याच दिवशी अर्ज लिहा, प्रांत कार्यालयाचा आवक शिक्का मारून प्रत घ्या आणि ती प्रमाणपत्राला टाचून ठेवा.