कोडबुक २५६ चं, पण वापरात एकच इंडेक्स? माझा अनुभव

लक्षण: प्रतिमा कमी जागेत साठवायला ४×४ पिक्सेलच्या ब्लॉकांवर एलबीजी पद्धतीने (लिंडे, बुझो, ग्रे, १९८०) कोडबुक, म्हणजे नमुना-ब्लॉकांची यादी, बनवलं. प्रत्येक ब्लॉकासाठी फक्त सर्वात जवळच्या नमुन्याचा क्रमांक (इंडेक्स) साठवायचा. २५६ नमुन्यांना ८ बिट, भागिले १६ पिक्सेल, म्हणजे पिक्सेलमागे अर्धा बिट. पण आकार कितीही ठेवला तरी सगळे ब्लॉक ० या इंडेक्सवरच. बाकीच्या गटांचं (एकाच नमुन्याकडे गेलेल्या ब्लॉकांचा एक गट) केंद्र, म्हणजे सरासरी, काढताना शून्याने भागाकार.

ट्रेनिंगच्या प्रतिमा वाढवल्या, फेऱ्या वाढवल्या, फरक शून्य. डोकं पिकलं.

खरी गोम विभाजनात होती: ही पद्धत एका केंद्रापासून सुरू करून प्रत्येक केंद्राची दोन करत जाते. मी आधी सर्व व्हेक्टरांतून (एका ब्लॉकाचे १६ आकडे म्हणजे एक व्हेक्टर) त्यांची एकत्रित सरासरी वजा करत होतो, म्हणून पहिलं केंद्र जवळपास शून्य. दोन करायला त्याला (१+ε) आणि (१−ε) ने गुणायचं (ε ही छोटीशी संख्या), पण शून्याला गुणलं तरी शून्यच! जुळी केंद्रं, अंतर सारखंच, आणि बरोबरीत पहिलंच जिंकतं.

हे चाललं, याच क्रमाने:

१. गुणाकार काढून बेरीज-वजाबाकी: c+d आणि c−d (c म्हणजे जुनं केंद्र). d ची दिशा त्या गटातल्या सर्वाधिक पसाऱ्याची, लांबी त्या दिशेतल्या प्रमाण विचलनाच्या शंभराव्या हिश्श्याइतकी.

२. केंद्र काढण्याआधी गटातले सदस्य मोजा. रिकामा गट टाकून द्या; त्याच्या जागी सर्वाधिक एकूण त्रुटीचा (ब्लॉक आणि केंद्र यांतला फरक) गट तसाच दुभागा.

३. दुभागलं की ब्लॉकांची वाटणी पुन्हा करा, मगच थांबण्याची अट तपासा (माझी: त्रुटीतली सापेक्ष घट ०.००१ पेक्षा कमी).

इंडेक्सचा हिस्टोग्राम (कोणता इंडेक्स किती वेळा आला याचा आलेख) काढून बघा. आता एकही रकाना रिकामा नाही.