यात्रेला शोभेची दारू उडवायची आहे? मग या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडं लक्ष्मी यात्रा म्हटली की शोभेची दारू आलीच, आणि देवीचं काम आहे म्हटल्यावर कागद कोण विचारतंय असं आपण धरूनच चालतो. मी आमच्या गावच्या यात्रा कमिटीत होतो म्हणून सांगतो, पहिली चूक इथंच होते. आम्ही स्पीकरची आणि मिरवणुकीची परमिशन काढली होती, त्यावर शिक्का होता, म्हटलं झालं काम. संध्याकाळी आतषबाजी करणारा दारूवाला शेतात गोळे उडवायचे पाईप रोवायला लागला तेवढ्यात पोलीस आले, कागद वाचला आणि विचारलं, "ह्यात फटाक्याचं कुठं लिवलंय?" कुठंच नव्हतं. माल तसाच राहिला, आणि रात्री ठेवायचा कुठं म्हणून एकाच्या माडीवर नेला, खाली बायका-पोरं झोपलेली आणि वर पोती भरून दारू. ते आठवलं की अजून धस्स होतं.

तर स्पीकर वेगळा, मिरवणूक वेगळी, दारूकाम वेगळं. अर्जात दारूकाम असं स्पष्ट लिहा. बेळगाव शहराला पोलीस कमिशनरेट आहे, खानापूर, निपाणी, चिक्कोडी एसपींकडं येतं, म्हणून आधी आपल्या ठाण्यात जाऊन अर्ज कुठं द्यायचा ते विचारा, डीसी ऑफिस (जिल्हाधिकारी कार्यालय) आणि अग्निशामकवाल्यांचं काय लागतं तेही तिथंच कळतं. अर्ज कन्नडमध्ये करून न्या, मराठीतला दिला की फेरी वाढते असा आमचा अनुभव आहे. सोबत जागेचा नकाशा, शेतमालकाची संमती, दारूवाल्याच्या लायसनची झेरॉक्स, मालाची यादी आणि उडवायची वेळ द्या. आणि पोच घ्या, पोच नसली की नंतर अर्ज दिलाच नव्हता असं ऐकून घ्यावं लागतं. यात्रा ठरली त्याच आठवड्यात या कामाला लागा, चार दिवस आधी जाऊन काही होत नाही.

अजून एक, बेंगळुरूजवळच्या अत्तिबेलेत फटाक्यांच्या दुकानाला लागलेल्या आगीनंतर ऑक्टोबर २०२३ मध्ये कर्नाटक सरकारनं लग्न, राजकीय मिरवणुका आणि गणपतीत फटाके नकोत असं जाहीर केलं होतं. म्हणून कार्यक्रम कुठला आहे ते सांगून आत्ता काय चालतं ते आधी विचारा आणि मगच दारूवाल्याला ॲडव्हान्स द्या. नाही म्हणाले तर कारण लेखी मागा, जागा किंवा वेळेमुळं अडलं असेल तर ती बदलून परत अर्ज करा, पण नाही म्हटल्यावर उडवू नका. केरळात पुट्टिंगल देवळात १० एप्रिल २०१६ ला परमिशन नाकारलेली असताना आतषबाजी झाली आणि शंभरावर माणसं गेली.

आता खरेदी. कोल्हापूर, गडहिंग्लजला स्वस्त मिळतं म्हणून गाडीच्या डिकीत भरून आणणारे खूप आहेत, आणि तिकडची परमिशन इकडं चालेल असंही त्यांना वाटतं, ती चालत नाही. ट्रेननं तर अजिबात आणू नका, रेल्वे कायद्याच्या कलम १६४ मध्ये ३ वर्षांपर्यंत कैद आहे. लायसन दुकानात लावलेलं असतं, त्यावरची तारीख आणि जागा बघा, दुकान भलतीकडं आणि लायसन भलतीकडचं असलं की परत फिरा. बिल घ्या. बॉक्सवर कंपनीचं नाव आणि हरित फटाक्याचा लोगो-क्यूआर कोड नसेल तर तो माल नकोच. ऑनलाईन विक्री आणि लांब माळा दोन्ही सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्येच बंद केल्यात. त्याच निकालात दिवाळीला रात्री ८ ते १० ही वेळ दिली आहे. यात्रेतही रात्री १० नंतर आवाजाचे फटाके चालत नाहीत, आणि दवाखाना, शाळा, कोर्टाच्या १०० मीटरच्या आत कधीच नाही.

साठा मात्र सगळ्यात घातकी. अत्तिबेलेला माल उतरवतानाच आग लागली. ऑक्टोबर २०२४ मध्ये केरळात नीलेश्वरला देवळाजवळच ठेवलेल्या फटाक्यांवर ठिणगी पडली आणि दीडशेवर लोक जखमी झाले. आपल्याकडं तर पिंजराच्या (भाताच्या पेंढ्याच्या) गंज्या, ऊसाचा वाळलेला पाला, निपाणीला तंबाखूच्या वखारी. माल त्याच दिवशी मागवा, देऊळ, मांडव आणि माणसांपासून लांब ठेवा, बिडी ओढणाऱ्याला तिकडं फिरकूच देऊ नका, पाण्याचा टँकर आणि वाळू आधीच लावून ठेवा.

न उडालेला गोळा परत पेटवायला कुणी जाऊ देऊ नका, बराच वेळ थांबून लांबूनच पाणी मारा, पाईपावर वाकून तर बघायचंच नाही. आणि दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायच्या आत दोघाजणांनी बादली घेऊन ते शेत पायाखाली घाला, कारण उजाडलं की पोरं न फुटलेल्या नळ्या गोळा करून त्यातली दारू कागदावर काढत बसतात.